सैतानाचा वाटा किती, आपला किती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, सलाम. वय ४३, तालुक्याच्या गावी शाळेत लिपिक आहे. आमच्या मंडळीचा खजिनदार आहे, चर्चच्या छपराचे पत्रे बदलण्यासाठी जमलेला निधी माझ्याकडे असतो. लॉकडाऊनपासून मोबाइलवर रमीचा नाद लागला. आधी पगार गेला, मग उसनवारी झाली, मग निधीतून थोडे थोडे करत ६४,००० रुपये काढले. कापणीच्या सणाच्या लिलावाची रोकड घरी होती, ती आधी गेली. त्यात एका आजीनं आणलेली पपई अकराशेला गेली होती, तेही पैसे होते. मग दुसऱ्या पंचांनी सह्या करून ठेवलेले कोरे चेक वापरले. आतापर्यंत २०,००० परत भरले आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये सरकारनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा वाटलं देवानंच सोडवलं. पण पुढे मित्रानं दुसऱ्या कसल्याशा ॲपची लिंक पाठवली आणि पुन्हा तेच.

एका प्रार्थनागटातल्या भावांना खेळाबद्दल सांगितलं, निधीबद्दल नाही. ते म्हणाले, हे तुम्ही केलं नाही, सैतानानं करवलं. वडील मटका लावायचे हे कळल्यावर म्हणाले, पिढीजात शाप आहे. तेल लावून प्रार्थना केली, रविवारी साक्ष द्या म्हणाले. आठवडाभर हलकं वाटलं, पुन्हा झोप उडाली. बायकोला माहीत नाही. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. पतपेढीतून कर्ज काढून गुपचूप भरून टाकू का? देवानं क्षमा केली असेल तर माणसांना सांगायची काय गरज? आणि पहिल्या रविवारी चर्चमध्ये भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन आहे, मी घ्यावं का?

*

सलाम भाऊ,

प्रार्थनागटात जे तोंडातून निघालं नाही ते तुम्ही मला, कधी न पाहिलेल्या बाईला, आकड्यांसकट लिहिलंत. म्हणजे सांगायचं आहे हे तुमचं आत कुठेतरी ठरलेलं आहे. कोणाला, एवढंच ठरत नाहीये.

आधी ओढीबद्दल बोलू. घर झोपल्यावर हात मोबाइलकडे जातो, 'आज फक्त हरलेले काढायचे' असं वाटतं. या वाटण्याचा हिशेब देव तुमच्याकडे मागत नाही. मागत असता तर येशूचीही पंचाईत झाली असती. चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याला भूक लागली आणि मोह नेमका भाकरीचाच पुढे आला. इब्री लोकांच्या पत्रात लिहिलंय की तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. आणि लूक सांगतो की सैतान त्याला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंत. खुद्द येशूच्या मागचा ससेमिरा एका फेरीत संपला नाही. तुमचा तेलाच्या एका बोटानं संपेल अशी आशा ज्यांनी लावली, त्यांनी जरा घाईच केली.

आता सैतान. आपल्या मंडळ्यांतून हल्ली त्याला फारच राबवून घेतात. माइक बंद पडला, सैतान. एसटी चुकली, सैतान. क्वायरमधल्या दोघींचं वाजलं, सैतान. (त्या भांडणात त्याला कोणी विचारलंही नसेल.) तो नाहीच असं मी म्हणत नाही, बायबलमध्ये तो आहे. पण उत्पत्तीचा तिसरा अध्याय आज रात्री पुन्हा वाचा. देव आदामाला विचारतो, तर तो म्हणतो, तू मला दिलेल्या बाईनं फळ दिलं. एका दमात बायकोवर आणि देवावर, दोघांवर ढकलून मोकळा. हव्वा म्हणते, सर्पानं भुलवलं. ती खोटं बोलत नव्हती, सर्पानं भुलवलंच होतं. गंमत अशी की देव सर्पाला एकही प्रश्न विचारत नाही, सरळ शिक्षा सुनावतो. पण त्याला शिक्षा झाली म्हणून या दोघांच्या शिक्षेत काडीची सूट मिळाली नाही. भुलवणाऱ्याचं खातं वेगळं, भुललेल्याचं वेगळं.

याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय तर आणखी जवळ येतो. देवानं मला मोहात घातलं असं कोणी म्हणू नये, तो म्हणतो. जो तो आपल्याच वासनेनं ओढला जातो, मग ती वासना गर्भ धरते आणि पापाला जन्म देते. या ओळींत सैतानाचं नावही नाही. ते चौथ्या अध्यायात येतं, तिथंही काम तुम्हालाच सांगितलंय: त्याला अडवा, म्हणजे तो पळेल.

'हे तुम्ही केलं नाही' हे ऐकायला गोड वाटलं असणार. पण भाऊ, तुम्ही केलंच नसेल तर क्षमा कशाची मागायची? जे माझं नाही त्याचा पश्चात्ताप मी कसा करणार? त्या भावांनी तुमचा गुन्हा काढून घेतला आणि त्याबरोबर क्षमाही काढून घेतली. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण आठवड्यानं तुमची झोप उडाली ती यामुळेच, असं मला वाटतं.

पिढीजात शापाचं म्हणाल तर यहेज्केलाचा अठरावा अध्याय तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. बाबेलच्या बंदिवासातले लोक एक म्हण वापरत होते: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. देव म्हणतो, ही म्हण बंद करा. मग तो तीन पिढ्यांचं उदाहरण देतो. बाप नीतिमान, त्याचा मुलगा दुष्ट, आणि त्या दुष्टाचा मुलगा बापाचं सगळं डोळ्यांनी बघतो पण तसं करत नाही. हा तिसरा बापाच्या पापासाठी मरणार नाही, एवढं स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला दहा आज्ञांमधलं, बापाच्या अपराधाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीला मिळतं, हे वचन दाखवलं असेल; त्याच्या शेजारी हा अध्याय ठेवल्याशिवाय ते वाचू नये. वडिलांकडून तुम्हाला सवय आली असेल. ओपन-क्लोजचे आकडे लहानपणी कानावर पडले असतील, महिनाअखेर घरात काय तमाशा होतो तेही पाहिलं असेल. ते तुमच्या वाट्याला आलं हे वाईटच झालं. पण चेकवर रक्कम वडिलांनी लिहिली नाही.

चेकपाशी मला जरा थांबायचं आहे, कारण तुम्ही ती गोष्ट एका ओळीत उरकलीत. संत ऑगस्टीननं डोंगरावरच्या प्रवचनावर लिहिताना पाप कसं पुरं होतं त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी सूचना येते, मग तिची गोडी लागते, मग मन संमती देतं. तुम्हाला वाटतं तुमची संमती रात्री, मोबाइल हातात असताना झाली. मला ती भरदुपारी झालेली दिसते. चेकवर दोन सह्या लागतात तो नियम कोणीतरी शहाणपणानंच केला होता. दुसऱ्या पंचांकडे 'तुम्हाला सारखा त्रास नको' म्हणून कोऱ्या चेकांवर सह्या घेतल्या गेल्या, त्या दिवशी कदाचित तुमच्या मनात काहीही नसेल. पण ते चेक ड्रॉवरमध्ये आहेत हे माहीत असताना, आणि खेळात हरणं सुरू झालेलं असताना, तुम्ही ते फाडले नाहीत. लिलावाची रोकड सोमवारी बँकेत जायला हवी होती, ती कपाटात राहिली. पौल करिंथकरांना लिहितो की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निघायची वाटही ठेवतो. आपण त्या वाटेवर आकाशवाणी शोधत बसतो. तुमच्या बाबतीत ती वाट म्हणजे बँकेत पैसे भरायची स्लिप होती, आणि दुसऱ्या माणसाची सही. इतकी नीरस. कोऱ्या चेकवर सही करणाऱ्या पंचांनाही त्यांचं उत्तर द्यावं लागेल, पण ते त्यांचं. तुमच्यातून वजा होणार नाही.

आणि ती पपई. कापणीच्या सणाचा लिलाव मी डोळ्यांपुढे आणू शकते. वेदीपुढे भोपळे, उसाची मोळी, तांदळाच्या पिशव्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी मध्येच ओरडतेय, आणि बोली लावणाऱ्याचा घसा बसलेला. पपई काही अकराशेची नसते. आजीकडे बघून कोणीतरी बोली चढवली, दुसऱ्यानं त्याच्यावर चढवली, आजी पदर तोंडाला लावून हसली असेल. फळाचे असतील साठ-सत्तर रुपये, वरचे सगळे आजीच्या मायेचे. तुमच्या अख्ख्या पत्रात छपराबद्दल अर्धी ओळ आहे, पण पपई आवर्जून लिहिलीत. म्हणजे कोणाचं घेतलं हे तुम्हाला नीट कळलेलं आहे. 'देवानं क्षमा केली असेल तर माणसांना कशाला सांगायचं' याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. पैसे देवाच्या खिशातून गेले नव्हते.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूनं बोलायलाच हवी. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. या खेळांची बांधणीच अशी असते की हरणाऱ्याला उठवत नाही. आजार असला की जबाबदारी हलकी होते का? होते. कॅथलिक धर्मशिक्षण तर सरळ म्हणतं की सवय, भीती, मनाची अवस्था यांनी माणसाच्या कृत्याचा दोष कमी होऊ शकतो. आपण प्रॉटेस्टंट मंडळी इतकं बारीक मोजत नाही, पण मोजायला हरकत नाही. फक्त एक, आजार आहे हे कळल्यावर उपचार न घेणं हे मात्र पूर्ण आपलं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. एखाद्या रात्री हिशेबच काय, जगणंच नको वाटलं, तर सकाळची वाट न बघता हाच नंबर लावा. प्रार्थना सोडा असं मी म्हणत नाहीये. प्रार्थनागट हा दवाखाना नाही, एवढंच.

आता गुपचूप भरण्याचं. पैसे परत करा, जितक्या लवकर होईल तितकं बरं, यात दुमत नाही. पण पतपेढीच्या कर्जाला जामीनदार लागतील. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना कारण काय सांगणार? मुलीची फी? घराची दुरुस्ती? म्हणजे पुन्हा दोन माणसांच्या सह्या, पुन्हा खोट्या कारणावर. कोऱ्या चेकांचाच हा दुसरा अंक. शिवाय पैसे भरले तरी कपाटाची चावी त्याच हातात, तीच ओढ जिवंत, आणि आता डोक्यावर कर्जाचा हप्ता, म्हणजे 'एकदाच जिंकून फेडू' म्हणायला आणखी एक कारण. वार्षिक सभेत हिशेब जुळेल, टाळ्याही पडतील, आणि पुढच्या वर्षासाठी खजिनदार म्हणून तुमचंच नाव सुचवतील. तेव्हा काय बोलाल?

मोशेच्या नियमशास्त्रात, गणनाच्या पाचव्या अध्यायात, याची रीत दिली आहे. माणसानं आधी अपराध कबूल करावा, मग मूळ रक्कम पूर्ण भरावी, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्या हाती द्यावं. कबुली आधी आहे, पैसे नंतर. तुमचा पाचवा हिस्सा १२,८०० होतो. राहिलेले ४४,००० धरून एकूण ५६,८००. हे कलम तुम्हाला आज लागू आहे असं मी म्हणत नाही, पण 'काढले तेवढे टाकले की झालं' यापेक्षा हे माप मला जास्त माणुसकीचं वाटतं. ज्यांचा पैसा अडकून राहिला त्यांचं छप्पर तेवढे दिवस गळत होतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कया जकातदारानं तर चौपटीची भाषा केली, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, तेही उभं राहून, लोकांदेखत. येशूनं त्याच्याकडे हिशेब मागितल्याचं लूकनं कुठे लिहिलेलं नाही. आणि जकातीची सगळी व्यवस्थाच लुटीची असताना 'रोमी सरकारनं करवलं' असं त्यानं म्हटलं नाही, म्हणता आलं असतं. कॅथलिकांचा पापनिवेदनाचा संस्कारही पैसे बुडवणाऱ्याला या परतफेडीतून सोडवत नाही. क्षमा मिळते, पण चोरलेलं परत करायचं काम उरतंच.

सांगायचं कोणाला? खजिनदार म्हणून तुम्हाला यहूदाची, तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या शिष्याची, आठवण आली नसेल तर नवल. पिशवी त्याच्याकडे असे आणि तीतलं तो काढून घेई, असं योहान लिहितो. पण मला मत्तयाची गोष्ट जास्त छळते. यहूदाला पस्तावा झाला, त्यानं तीसच्या तीस नाणी परत नेली, मी पाप केलं असंही म्हणाला. म्हणजे कबुली झाली, परतफेड झाली. पण गेला कोणाकडे? मुख्य याजकांकडे. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटा निघून गेला. पेत्रानं तीनदा येशूला नाकारलं होतं, तो बाहेर जाऊन रडला, पण पुन्हा बाकीच्या शिष्यांमध्येच सापडतो. पुढे गालीलच्या किनाऱ्यावर तेच लोक त्याच्याबरोबर होते. तुमची कबुली अशा माणसांकडे न्या जी 'तुझं तू बघ' म्हणणार नाहीत. आणि 'तू केलंच नाहीस' असंही म्हणणार नाहीत.

सगळ्यांत आधी बायकोला. गाव तालुक्याचं आहे, तिला दुसऱ्याच्या तोंडून कळणं यापरती शिक्षा नाही, आणि ती शिक्षा तिला होईल, तुम्हाला नाही. सगळा आकडा एका बैठकीत सांगा, उसनवारीचाही. आज २०, उद्या आणखी १५ असं हप्त्यानं सांगितलंत तर पुढची पाच वर्षं ती प्रत्येक वाक्यामागे आणखी एक आकडा शोधत बसेल. क्षमेची घाई तिच्यावर लादू नका, बायबलची वचनं तर बिलकुल ऐकवू नका. बँकेचं ॲप काही काळ तिच्या मोबाइलवर राहू द्या.

मग पाळक, आणि त्यांच्याबरोबर एखादे वडीलधारे पंच. तोंडी नको. एका कागदावर तारखा, रकमा, कोणता चेक, किती भरले, किती राहिले, हप्ता किती झेपेल, असं सगळं लिहा. पासबुक, चेकबुक, कपाटाची चावी त्याच दिवशी टेबलावर ठेवा, खजिनदारपदाचा राजीनामा त्याखाली. त्याआधी एखाद्या वकिलाला विचारून ठेवा, कारण हे फक्त पाप नाही. विश्वासानं सोपवलेली रक्कम अशी वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, आणि मंडळी तक्रार करायचं ठरवू शकते. तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही स्वतःहून आलात, पैसे भरताय, याचं वजन पडतं, पण हमी मी देऊ शकत नाही. उलटही होईल: पाळक प्रेमापोटी म्हणतील, आपल्या चौघांतच ठेवू. त्यांचं प्रेम घ्या, झाकाझाक घेऊ नका. चर्चचा ट्रस्ट १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल तर हिशेबाचं ऑडिट होतं, ते धर्मादाय कार्यालयात जातं. खोटा ताळेबंद मांडला तर उद्या पाळकही अडकतील.

साक्ष मात्र सध्या देऊ नका. रविवारी माइकवर 'प्रभूनं मला एका बंधनातून सोडवलं' म्हणायचं, बंधन कोणतं आणि पैसे कोणाचे ते गाळायचं, ही साक्ष नाही. पैसे फिटू द्या, वर्ष-दोन वर्षं खेळाशिवाय जाऊ द्या, मग मंडळीनं विचारलं तर बोला.

राहिलं प्रभुभोजन. पौल म्हणतो माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी; परीक्षा करून दूर बसावं असं तो म्हणत नाही. पण येशू असंही म्हणतो की वेदीपाशी दान आणताना भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. पहिल्या रविवारच्या आधी शुक्रवार आणि शनिवार येतात. शुक्रवारी रात्री बायकोशी बोला, शनिवारी पाळकांकडे जा. पाळक म्हणाले मेजाजवळ या, तर या. महिनाभर थांबा म्हणाले तर थांबा, पण घरी बसू नका, नेहमीच्या बाकावर येऊन बसा. दानाची पिशवी तेवढी त्या रविवारी दुसऱ्या कोणाला फिरवू द्या.